साडेतीन काठ्या रुंदीचा पूल

आमच्या मागच्या अंगणात कुंपणाच्या खांबाला पाऊस मोजायची नळी लावलेली आहे. रोज सकाळी सात वाजता मी ती पाहतो, आकडा वहीत लिहितो आणि नळी रिकामी करतो. न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला राहायला आलो तेव्हापासून हे चालू आहे, म्हणजे चौदा वर्षं. मी गावाला गेलो की बायको लिहिते. तिचे आकडे नेहमी पूर्ण असतात: पाच, दहा, वीस. त्यांच्यापुढे मी बारीकसं प्रश्नचिन्ह करून ठेवतो. वहीत शेवटचा रकाना शेऱ्यासाठी आखलेला आहे, तो जवळजवळ कोराच आहे. पावसाबद्दल आकड्यापलीकडे काही लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी आणि गुरुवारी मी घरून काम करतो. माझं काम सांडपाण्याच्या नळांचे उतार ठरवण्याचं. टेबल मागच्या खिडकीशी आहे, आणि तिथून शेजारची बाग दिसते. त्या बागेच्या मध्ये एक घळ आहे. कधीकाळी तिथून ओढा वाहत असावा, आता मोठ्या पावसानंतर दोन दिवस पाणी दिसतं, एरवी गवत. या खोऱ्यात सूर्य पश्चिमेच्या डोंगरामागे लवकर जातो. चारच्या सुमाराला सावली आधी त्या घळीत उतरते आणि मग तिथून हळूहळू वर भरत येते, हौद भरावा तशी. समोर कागदावर नळांचे उतार आणि खिडकीत ही सावली, असं पाहता पाहता कितीदा माझा हात थांबलेला असायचा.

त्याच वेळी शेजारच्या आजी बाहेर यायच्या.

शेजारी एक चिनी जोडपं राहतं. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आजी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांची लेक माझ्याच वयाची. ती औषधांच्या दुकानात काम करते, सकाळी आठला जाते आणि सव्वापाचला परतते. आजोबांना मी इथल्या भारतीयांच्या रीतीने अंकल म्हणायचो. घरात मात्र आम्ही आजोबा-आजी असंच म्हणतो. ते मला ‘इंजिनिअर’ म्हणतात. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझं चिनी शून्य, पण आकडे दोघांनाही येतात.

आजींना विसरण्याचा आजार झाला, त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. चार वाजले की त्या हातात टोपली घेऊन निघायच्या. टोपलीत बागेतली पालेभाजी, मुळं धुऊन, जुडी बांधून ठेवलेली. बाजूच्या फाटकातून रस्त्यावर, तिथून कोपऱ्यावरच्या दुकानावरून पुढे, मोठ्या रस्त्याकडे. फाटकाला कडी लावून पाहिली. त्या दिवशी आजी फाटक धरून दोन तास उभ्या राहिल्या, आणि शेवटी आजोबांनी स्वतःच कडी काढली.

एकदा त्या मला सापडल्या. मी ट्रेनमधून उतरून घरी चाललो होतो. नदीवरच्या मोटारींच्या पुलावर, पायवाटेच्या बरोबर मध्यावर त्या उभ्या होत्या. दक्षिणेचा वारा सुटला होता, बाजूने गाड्या जात होत्या आणि त्या मान वर करून आकाशाकडे पाहत होत्या. मी टोपली घेतली, हात धरला आणि त्यांना घरी आणलं. वाटेत त्या माझ्याशी शांतपणे, सविस्तर बोलत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही, तरी मी मान डोलवत होतो.

आजोबा फाटकातच उभे होते. मी म्हणालो, “पुलावर होत्या. वर बघत.”

त्यांनी आजींना काहीतरी विचारलं, ऐकलं, आणि मला सांगितलं, “तिला पूल सापडला. छप्पर नाही सापडलं.”

तेव्हाच लेकीची गाडी आली. तिला सगळं कळल्यावर ती आईशी बोलली, आधी चिनीत आणि मग, बहुधा मला कळावं म्हणून, इंग्रजीत. “आई, इथे तो पूल नाही. हे न्यूझीलंड आहे. तुझं माहेर इथे नाही.” आजींनी तिच्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहिलं. लेक मला म्हणाली, “डॉक्टर सांगतात, हो ला हो करा. मला नाही जमत. आईने मला खोटं बोलल्यावर मारलेलं आहे.” मला ते पटलं. मीही असंच केलं असतं.

मग ती म्हणाली, “या महिन्यातली ही तिसरी वेळ. जून-जुलैत हिवाळा, पाचलाच अंधार पडतो. वृद्धाश्रमात जुलैमध्ये एक खोली रिकामी होतेय. तोवर हे थांबलं नाही, तर मी हो म्हणणार.”

 आजींच्या टोपलीतली जुडी सुटली होती, ती आजोबा बांधत बसले. तेव्हा मार्च महिना चालू होता.

त्या रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. हातात बांबूची एक जुनी पट्टी होती. कोपराएवढी, आठ घरं पाडलेली, शुभ मापांच्या खुणा लाल, बाकीच्या काळ्या. मला राहवलं नाही, मी माझा टेप आणून मोजली. चारशे एकोणतीस मिलिमीटर.

“माझ्या वडिलांची मापाची काठी,” ते म्हणाले. “ते पूल बांधायचे. मी वीस वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या हाताखाली होतो. मग कारखान्यात गेलो, खुर्च्या करायला.” आणि मग लगेच, “मला घळीवर पूल बांधायचाय. छपराचा. ती तिथे जाईल. रस्त्यावर नाही जाणार.”

त्यांचं गाव चीनच्या आग्नेयेला, झेजियांग आणि फुजियान प्रांतांच्या सीमेवर, डोंगरात. तिथे नद्यांवर लाकडी पूल आहेत, शेकडो वर्षांचे, आणि त्यांवर घरासारखं कौलारू छप्पर असतं. बाजूंनाही फळ्या मारलेल्या, आतलं लाकूड भिजू नये म्हणून. आजी-आजोबांच्या गावातला पूल नदीपासून दोन मजले उंच होता आणि त्यात एक खिळा नव्हता.

“खिळा नाही म्हणजे?” मी विचारलं. “मग वजन कशावर?”

“काड्या आहेत?”

बायकोने चायनीजच्या डब्याबरोबर आलेल्या चॉपस्टिक्स ड्रॉवरमधून काढून दिल्या. आजोबांनी जेवणाच्या टेबलावर त्या एकीवर एक, एकीखालून एक अशा घातल्या. टोपली विणतात तशा, फक्त वर वर चढत जाणाऱ्या. पाहता पाहता वीतभर उंचीची कमान उभी राहिली. ना दोरा, ना गोंद. मग त्यांनी बोटाने वर ठेवा अशी खूण केली. मी मिठाची बाटली ठेवली. ते हसले. बायकोने सरळ तूरडाळीचं दोन किलोचं पाकीट उचललं.

“अगं, मोडेल!”

“मोडली तर मोडली. डाळ थोडीच मोडणार आहे?”

तिने पाकीट ठेवलं. कमान जराशी कुरकुरली आणि आणखी घट्ट झाली. वजनानेच काड्या एकमेकींना धरतात, ही गोष्ट मी तीस वर्षांपूर्वी कॉलेजात शिकलो होतो, पण माझ्या टेबलावर डाळीखाली ती पहिल्यांदाच पाहिली. आजोबा निघून गेल्यावर मी बराच वेळ तिथे बसलो. संध्याकाळी बायको म्हणाली, “डाळ काढू का आता? वरण करायचंय.”

मी काउन्सिलला फोन करून विचारलं. कोरड्या घळीवरच्या, गुडघ्यापेक्षा थोड्याच जास्त उंचीच्या पुलाला परवाना लागत नाही म्हणाले. मी ते लेखी मागवून घेतलं. घळीची रुंदी तीन मीटर साठ, खोली ऐंशी सेंटिमीटर. लाकूड आमच्याच जुन्या कुंपणाचं आणि त्यांच्या पाडलेल्या शेडचं. एप्रिलपासून शनिवार-रविवार आम्ही दोघं कामाला लागलो. मी नकाशा काढायचा, त्यांनी तो पाहायचा आणि मग नकाशाकडे न पाहता काम करायचं. ते तुळईला डोळा लावून बघायचे, एक डोळा मिटून, आणि अंगठ्याने रेघ ओढायचे. नंतर मी मोजलं की फरक दोन-तीन मिलिमीटरचा निघायचा. सुरुवातीला मी तो सांगायचो. मग सांगणं सोडलं, कारण तो फरक माझ्या टेपच्या हुकाचा आहे की त्यांच्या अंगठ्याचा, याची मला खात्री राहिली नाही.

काम करताना ते गावाबद्दल बोलत. वर्षातून एकदा, त्यांच्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, सगळं गाव पुलावरून चालतं. पानात बांधून शिजवलेला भात नदीत सोडतात. पुलाच्या मध्यावर एक लहानसं देऊळ असतं. नवा पूल झाला की मुख्य सुताराचं नाव तुळईवर शाईने लिहितात. मोठ्या पुरात शेजारच्या गावाचा पूल वाहून गेला, तेव्हा खालच्या गावांतल्या लोकांनी नदीतून सापडेल ते लाकूड ओढून काढलं आणि खांद्यावरून परत आणून दिलं. आजोबा हे सगळं रंधा मारता मारता, खाली मान घालून सांगायचे. लाकडाच्या वासात आणि त्या मंद आवाजात मला कधी कधी असं वाटायचं, की घळीत पाणी आहे आणि फक्त मला दिसत नाहीये.

आमचं एकदाच वाजलं, रुंदीवरून. त्यांनी पट्टी साडेतीन वेळा उलटवली आणि जमिनीवर खूण केली. मी गुणाकार केला: एक हजार पाचशे एक.

“दीड मीटर कशाला? एका माणसाला नव्वद सेंटिमीटर पुरतात. कठडा धरून, आजींची टोपली धरूनसुद्धा. दीड मीटर केला तर तळाच्या फळ्या कमी पडतील. सात फळ्या.”

“साडेतीन काठ्या,” ते म्हणाले.

“शुभ असतं म्हणून?”

“नाही. रुंद असतं म्हणून.”

मी कागदावर आकडेमोड करून दाखवली. वजन, फळ्या, छपराचे पत्रे, जुलैपर्यंत उरलेले शनिवार-रविवार. शेवटचा आकडा त्यांच्यावर परिणाम करून गेला.  “इंजिनिअर तुम्ही,” ते म्हणाले आणि पट्टी खिशात घातली. मला वाटलं, पटलं.

जूनच्या मध्यात पूल उभा राहिला. चार मीटर वीस लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद, वर शेडचे पन्हळी पत्रे. तीन खण, कारण खण विषमच हवेत, यावर त्यांनी माझं काही ऐकून घेतलं नाही. योगायोगाने त्यांचा तो पाचव्या महिन्याचा दिवस त्याच आठवड्यात येत होता, म्हणून त्याच दिवशी उद्घाटन ठरलं. आजोबांनी आढ्याला लाल कापड बांधलं. लेक सुट्टी घेऊन घरी होती. तिने पानात बांधलेला भात शिजवला होता. बायको नारळ घेऊन गेली.

“हे कशासाठी?” लेकीने विचारलं.

“आमच्याकडे फोडतात. नवीन काही सुरू करताना.”

“पुलावर?”

“पुलावर नको. दगडावर फोडू.”

नारळ फुटला, पाणी घळीत गेलं. आजोबांना ते फार आवडलं.

चार वाजता आजी टोपली घेऊन बाहेर आल्या. आजोबांनी पुलाकडे हात केला. आजी थांबल्या, छपराकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. लेकीने माझ्या बायकोचा हात धरला. आजी पुलावर चढल्या. मी पावलं मोजली: अकरा. मध्यावर त्या क्षणभर थबकल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे कठडा. मागे मी होतो, अरुंद वाटेवर माणूस मागे आला की पुढचा चालायला लागतो, तशा त्या चालू लागल्या. पलीकडे उतरल्या, कुंपणाच्या कडेने वळल्या आणि फाटकातून रस्त्यावर गेल्या.

आजोबा त्यांच्या मागे धावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस धावताना मी पाहिला नव्हता.

लेक पुलाकडे बघत उभी राहिली. “खूप सुंदर झालाय,” ती मला म्हणाली, “आभारी आहे,” आणि घरात गेली. तिचा फोनवरचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला. ती खोलीबद्दल विचारत होती. शेवटी, “जुलैच्या पहिल्या शुक्रवारी कळवते,” असं म्हणाली. हातात दोन आठवडे आणि थोडे दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी पुलाशी गेलो तेव्हा आजोबा आत जमिनीवर बसले होते, पाय लांब करून. पावलं समोरच्या कठड्याला टेकत होती.

“चुकलं काय?” मी विचारलं. “उंची? उतार? उतार मी तपासला होता.”

“तुमच्या देशात पुलावर काय करतात?”

“पलीकडे जातात.”

ते हसले, मोठ्याने. मग सांगायला लागले. त्यांच्या गावात पलीकडे जायला नदीत दगड मांडलेले होते, दातांसारखे ओळीने. ज्याला घाई असायची तो दगडांवरून जायचा. पुलावर यायचं ते बसायला. दोन्ही बाजूंना लांब बाकं होती, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुपारी म्हातारे तिथे झोपायचे. एका बाजूला न्हावी. लग्नाची बोलणी तिथेच व्हायची आणि भांडणंही तिथेच मिटायची. आजी लहानपणी आईबरोबर त्या बाकावर पालेभाजी मांडून बसायच्या. आणि पाऊस आला की सगळं गाव आत. त्या डोंगरात पाऊस रोजचाच. पाऊस थांबेपर्यंत कुणी जायचं नाही. “मी तिला तिथेच पाहिली,” आजोबा म्हणाले. “तीन दिवस पाऊस होता. मी तीन दिवस थांबलो. माझं घर समोर होतं.”

“अहो, मग बाकाचं बोलला का नाहीत?”

“बोललो. साडेतीन काठ्या.”

“तुम्ही बसायचं म्हणाला नाहीत!”

“पूल म्हणालो,” आजोबा शांतपणे म्हणाले. “बाकाशिवाय पूल असतो, हे मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे कॅल्क्युलेटर होता.”

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने फोडणी देता देता ऐकलं. “म्हणजे ते बिचारे पार बांधत होते,” ती म्हणाली, “आणि तू त्याचा जिना केलास.” 

मी ऑफिसातून पाच दिवसांची रजा घेतली. खांब हलवणं शक्य नव्हतं, विणलेली कमान सोडली असती तर सगळंच खाली आलं असतं. पण तळाच्या आडव्या तुळया खांबांच्या बाहेर दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर वाढवता येत होत्या, त्यांवर बाक, आणि पत्र्यांना बाहेरून पाखं. नव्वद अधिक तीस अधिक तीस. बेरीज करून मी आजोबांना दाखवली नाही. त्यांना ती आधीच माहीत होती. सात फळ्या कमी पडल्या, बरोबर सात. त्या मी माझ्या भाजीच्या वाफ्यांच्या काढल्या. बाकाची उंची या वेळी मी कुठल्याही तक्त्यातून घेतली नाही. आजी स्वयंपाकघरात ज्या स्टुलावर बसून भाजी निवडतात, ते मोजलं. अडतीस सेंटिमीटर.

जूनच्या शेवटच्या रविवारी बाकं झाली. सोमवारी, माझ्या रजेच्या शेवटच्या दिवशी, चारला आजी पुलावर चढल्या. मी या वेळी मागे गेलो नाही, खिडकीतून पाहत होतो. मध्यावर त्या थांबल्या. डाव्या बाकावरून बाहीने धूळ पुसली. बसल्या. टोपलीतल्या जुड्या काढून शेजारी ओळीने मांडल्या. आजोबा समोर बसले. घळीतून सावली वर येत होती, ती त्यांच्या पायांपर्यंत आली, गुडघ्यांपर्यंत आली, आणि दोघं तसेच बसून होते. थोड्या वेळाने आजींनी बाहेर पाहत काहीतरी विचारलं. आजोबांनी तीन-चार अक्षरांचं उत्तर दिलं. आजींनी मान हलवली आणि पाय वर घेऊन बसल्या.

नंतर मी विचारलं, “काय म्हणत होत्या?”

“पाऊस थांबला का, विचारते.”

“मग?”

“अजून नाही, म्हणालो.”

सोमवारी थेंबही नव्हता. माझ्या वहीत आहे, शून्य पूर्णांक शून्य.

मंगळवारीही त्या बसल्या, बुधवारीही. लेकीला आम्ही सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. “बाबा समोर बसून धरून ठेवत असतील. आणि हे रोज किती दिवस करणार ते?” शुक्रवारी तिला कळवायचं होतं. आणि गुरुवारी आजोबांची डोळ्यांची तपासणी होती, आठ महिने वाट पाहून मिळालेली वेळ, दुपारी साडेतीन. ती पुढे ढकलली असती तर पुन्हा आठ महिने.

बुधवारी संध्याकाळी ते आमच्या दारात आले. “उद्या तुम्ही बसा.”

“मी? मला बोलता कुठे येतं?”

“एक उत्तर पुरे,” ते म्हणाले आणि मला ते उत्तर शिकवलं. स्वर वर जातो, मग खाली येतो, मग मध्येच तुटतो. मी वीसेक वेळा म्हटलं. बायको आतून तेच म्हणत होती आणि तिचं माझ्यापेक्षा बरं येत होतं.

रात्री जेवताना मी म्हणालो, “खोटंच आहे ते.”

“काय?”

“पाऊस नसताना आहे म्हणणं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “चौदा वर्षं रोज सकाळी मोजतोस,” ती म्हणाली. “एक दिवस संध्याकाळी अंदाज सांग.”

गुरुवारी आकाश काचेसारखं होतं. वारासुद्धा नव्हता, आणि आमच्या खोऱ्यात वारा नसलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. मी पावणेचारला जाऊन उजव्या बाकावर बसलो. चार वाजून सहा मिनिटांनी आजी आल्या. समोर आजोबा नाहीत, दुसराच कुणी आहे, हे पाहून त्या उभ्याच राहिल्या. फाटकाकडे पाहिलं. मग बाहीने बाक पुसला आणि बसल्या. जुड्या मांडल्या. तीन जुड्या, त्यातली एक जराशी माझ्याकडे सरकवली.

असं किती वेळ गेला हे मी घड्याळात पाहिलं नाही. घड्याळ न पाहायची मला सवय नाही. छपराखाली बसलं की बाहेरचं सगळं थोडं लांब जातं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझं स्वतःचं घर, खिडकी, खिडकीतलं टेबल, त्यावरचे कागद, सगळं दुसऱ्या कुणाचं असावं तसं दिसत होतं. घळीत गवत होतं. सावली चढत होती आणि तिच्या कडेला आवाज असावा असं वाटत होतं.

आजींनी टोपली उचलली. फाटकाकडे वळून, मग माझ्याकडे पाहून, तो प्रश्न विचारला.

मी आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेला डोंगराची कड केशरी झाली होती, एक ढग नव्हता. त्या वाट पाहत होत्या. टोपली हातात, एक पाय खाली टेकलेला.

मी ते उत्तर दिलं.

स्वर बहुधा चुकला. आजींनी मला नीट निरखून पाहिलं, पुन्हा बाहेर पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. मग त्या बाकावर थोड्या सरकल्या आणि शेजारची जागा हाताने थोपटली. माझ्या बाजूला छपरातून गळत असेल असं त्यांना वाटलं असावं. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

सव्वापाचला लेकीची गाडी वाजली. ती गाडीतून घरात, घरातून बागेत, जवळजवळ पळत आली, आणि पुलाच्या तोंडाशी थांबली. अंधार पडायला आला होता. आम्ही दोघं एका बाकावर, मध्ये पालेभाजी.

“बाबा आले नाहीत अजून?”

“नाही.”

“म्हणजे आई एवढा वेळ...?”

“एक तास नऊ मिनिटं,” मी आता घड्याळ पाहून म्हणालो.

ती समोरच्या बाकावर बसली, कामाच्या कपड्यांत, पर्स मांडीवर. आजींनी तिलाही तोच प्रश्न विचारला. लेकीचं तोंड उघडलं. ती काय म्हणणार हे मला माहीत होतं, मी ते दोन वर्षं कुंपणापलीकडून ऐकत आलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घळीकडे पाहत राहिलो.

मग तिने ते उत्तर दिलं. तिचे स्वर अर्थातच बरोबर होते. आजींनी मान हलवली आणि तिच्याशी बोलू लागल्या. बराच वेळ बोलत होत्या. लेक मध्ये एकदा हसली, एकदा पर्समधून रुमाल काढला. थोड्या वेळाने ती उठली, गाडीकडे गेली आणि छत्री घेऊन आली. पुलाच्या तोंडाशी तिने ती उघडली. आजी लगेच उठल्या, टोपली घेतली आणि तिच्या दंडाला धरून छत्रीखाली शिरल्या. पुलापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चौदा मीटर आहेत. चांदण्या दिसायला लागल्या होत्या आणि त्या दोघी अंग चोरून, पाणी चुकवावं तशा, गवतावरून गेल्या.

शुक्रवारी सकाळी सातला मी नळी पाहायला गेलो, तेव्हा लेक कुंपणापाशी आली. फोन हातातच होता. “आत्ताच निरोप ठेवला त्यांना,” ती म्हणाली. “खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. सध्या तरी.” मग विचारलं, “किती पडला?”

नळी कोरडी होती. “शून्य,” मी म्हणालो.

“शून्य पूर्णांक शून्य?”

“शून्य पूर्णांक शून्य.”

ती हसली आणि कामाला गेली. मी वहीत आकडा लिहिला. पेन थोडा वेळ तसंच धरून राहिलो, मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: शेजारी, संध्याकाळभर.